इशानंतरचं चालणं

आमच्या स्टाफरूममध्ये सध्या दोनच विषय निघतात, टीईटी आणि झोप. पहिला निघाला की दुसरा मागोमाग येतोच. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल, असं त्यात सांगितलं आहे. निकालाच्या बऱ्यावाईटाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, तो माझा आजचा विषय नाही. मला त्याच्या एका घरगुती परिणामाबद्दल लिहायचं आहे. वीस-वीस वर्षं मुलांच्या परीक्षा घेत आलेली माणसं आता रात्री अकराला प्रश्नसंच सोडवतात आणि पहाटे तीनला छताकडे बघत पडलेली असतात.

मी मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला मराठी आणि उर्दू शिकवते. आमच्या गटाचा पेपर १५० गुणांचा. त्यातले दोन भाषांचे ६० आणि बालमानसशास्त्राचे ३० गुण मला परके वाटत नाहीत. पण उरलेले ६० गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे. भाषेच्या शिक्षकालाही यातलं एक घ्यावंच लागतं. मी सामाजिक शास्त्रं घेतली. त्यामुळे घरातली भांडी झाली, मुलांचे डबे धुऊन झाले, की मी मराठा साम्राज्याचा विस्तार आणि मृदेचे प्रकार पाठ करत बसते. सातवीतला माझा मुलगा कधीकधी माझे प्रश्न घेतो. उत्तर चुकलं की त्याला फार आनंद होतो.

या सगळ्यात एक गोष्ट मला सांभाळत होती. इशाची नमाज झाली, जेवणं आटोपली, की साडेनऊच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या नऊजणी चालायला निघतो. दोन शिक्षिका, एक शिवणकाम करणारी, तिची जाऊ, दोन कॉलेजच्या मुली, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. सगळ्यांत मोठ्या म्हणजे शेजारच्या खाला, वय साठीच्या पुढे. त्यांना साखरेचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. गल्लीच्या तोंडापासून शाळेच्या कुंपणापर्यंत जायचं, परत फिरायचं, असे चार फेरे. चाळीस मिनिटं लागतात. हे तीनेक वर्षं सुरू होतं.

मग व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरला. असे संदेश जशा भाषेत असतात तशाच भाषेत. रात्री व्यायाम करणं विषासमान आहे, रात्री चालल्याने शरीरात कॉर्टिसॉल नावाचं स्ट्रेस हार्मोन वाढतं, त्यामुळे झोप उडते, साखर वाढते, हृदय कमजोर होतं, चालायचं तर फक्त पहाटे. खाली कुठल्यातरी डॉक्टरांचं नाव. आठवडाभरात आमच्या नऊच्या चार झाल्या. एकीच्या नवऱ्याने तो संदेश वाचून दाखवला आणि म्हणाला, बघ, सायन्सच सांगतं. खालांनीही बाहेर पडणं बंद केलं. पहाटे त्यांना गुडघ्यांमुळे जमत नाही आणि सुनेला डब्यांची घाई असते, सोबत कोण जाणार? म्हणजे रात्रीचं चालणं थांबलं आणि पहाटेचं सुरू झालंच नाही.

माझंही झोपेचं गणित बिघडलेलं होतंच, म्हणून हा प्रश्न मी आमच्या सायन्सच्या मॅडमकडे नेला. त्यांनी मला दोन पुस्तकं दिली, काही लेख दाखवले, आणि मी महिनाभर टीईटीबरोबर याचाही अभ्यास केला. जे समजलं ते वर्गात समजावते तसंच इथे मांडते.

कॉर्टिसॉलला स्ट्रेस हार्मोन म्हणतात ते खरं आहे, पण ते नाव अर्धवट आहे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला निरोप देतो, पियुषिका अधिवृक्काला देते, आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात उतरतं. ते रक्तातली साखर उपलब्ध करून देतं, रक्तदाब सांभाळतं, सूज आटोक्यात ठेवतं. ते नसेल तर माणूस अंथरुणातून उठू शकणार नाही. या ग्रंथीच्या हार्मोनांवरच्या कामासाठी १९५० साली तीन शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

या कॉर्टिसॉलचं रोजचं वेळापत्रक ठरलेलं असतं. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत कमी असतं. रात्रीच्या उत्तरार्धात हळूहळू चढू लागतं, आणि जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात त्याचा जोर सर्वांत जास्त होतो. मग दिवसभर ते उतरत जातं. म्हणजे फजरला उठणाऱ्या माणसाला नमाज आणि त्यानंतरच्या कामासाठी शरीर आधीच तयारी करून ठेवत असतं. संध्याकाळनंतर दुसरी पाळी सुरू होते. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते, आणि शरीराचं आतलं तापमान उतरायला लागतं. झोपेत ते दिवसापेक्षा साधारण एक अंश सेल्सिअसने खाली येतं. आपल्याला गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात लागते. नंतरच्या भागात झोप उथळ होते आणि स्वप्नं वाढतात. पहाटे तीनला जाग का येते, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे. त्या वेळी झोप तशीही पातळ झालेली असते, कॉर्टिसॉल चढू लागलेलं असतं, आणि उशाशी टीईटीची काळजी बसलेली असते. एरवी कूस बदलून आपण परत झोपलो असतो. काळजी असली की डोळे उघडतात ते उघडेच राहतात.

आता व्यायामाचं. व्यायाम हाही शरीराच्या दृष्टीने एक ताणच आहे, यात चूक काही नाही. माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी, शस्त्रक्रिया, विषारी द्रव्यं अशा निरनिराळ्या माऱ्यांना शरीर एकाच ठराविक पद्धतीने उत्तर देतं, अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, असं त्यांनी दाखवलं. त्या माऱ्यांच्या यादीत अतिरेकी व्यायामही होता. आजची ताणाची सगळी चर्चा तिथून सुरू झाली. पण त्या यादीत ‘अतिरेकी’ हा शब्द होता, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमका तोच गाळला.

जोरात धावलं, वजनं उचलली, धाप लागेपर्यंत खेळलं, तर कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन वाढतात, नाडी वेगात चालते, शरीर तापतं. हे सगळं उतरायला वेळ लागतो. सावकाश चालण्याने तसं होत नाही. अगदी हलक्या व्यायामात कॉर्टिसॉल वाढलेलं दिसत नाही, उलट थोडं उतरलेलंही आढळलं आहे. झ्युरिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये संध्याकाळच्या व्यायामावरच्या २३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष असा होता, की संध्याकाळी व्यायाम केल्याने झोप सहसा बिघडत नाही, गाढ झोप किंचित वाढतेही. अपवाद एकच, झोपण्याआधी तासाभराच्या आत संपणारा दमछाक करणारा व्यायाम. त्याने झोप लागायला उशीर होतो.

२०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचा एक फार मोठा अभ्यास आला. सुमारे १५ हजार माणसांच्या मनगटावरच्या पट्ट्यांनी नोंदवलेल्या जवळजवळ ४० लाख रात्री त्यांनी तपासल्या. व्यायाम जितका जोराचा आणि झोपेच्या जितका जवळ, तितकी झोप उशिरा लागते, कमी होते, आणि रात्रभर नाडी जलद राहते, असं त्यात दिसलं. झोपेच्या चार तास आधी संपलेल्या व्यायामाचा झोपेवर परिणाम दिसला नाही. चार तासांच्या आत करायचाच तर थोडका आणि हलका करा, असा त्यांचा सल्ला आहे.

हा अभ्यास वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवत होती. असा महागडा पट्टा हौसेने बांधणारी ही माणसं बहुतेक धडधाकट, व्यायामाची सवय असलेली. जिममध्ये जायचं की नाही आणि कधी जायचं, हे त्यांना ठरवता येतं. आमच्या खालांच्या मनगटावर काचेच्या बांगड्या आहेत. त्यामुळे अशा अभ्यासातून तत्त्व घ्यावं, ‘चार तास’ हा आकडा उचलून गल्लीतल्या बाईला घाबरवू नये.

तत्त्व समजायला यंत्रही लागत नाही. व्यायामाचा जोर मोजायची एक साधी रीत डॉक्टरही सांगतात. चालताना पूर्ण वाक्यं बोलता येत असतील पण गाता येणार नाही, तर तो मध्यम व्यायाम. गाताही येईल तर हलका. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं तर जोराचा. आमच्या नऊजणी चाळीस मिनिटांत मोहल्ल्यातली तीन लग्नं, दोन भांडणं आणि भाज्यांचे भाव एवढं सगळं न थांबता बोलून होतात. या परीक्षेत आम्ही जोराच्या व्यायामाच्या जवळपासही जात नाही. खालांना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग मी तर बोलते पण आणि अधेमधे बसते पण, माझं काय?” त्यांच्यासाठी तर जेवणानंतरचं सावकाश चालणं उपयोगाचंच आहे, कारण जेवणानंतर चढणारी साखर त्याने कमी चढते. फक्त साखरेच्या काही गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने चालताना साखर एकदम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि ओढणीच्या टोकाला दोन खजूर बांधून ठेवावेत. ते त्या आता करतात.

इतकं कळल्यावर माझ्या स्वतःच्या झोपेचा प्रश्न वेगळा दिसायला लागला. साडेदहाला मी चालून परत येत होते, हातपाय मोकळे झालेले असायचे. त्यानंतर मी प्रश्नसंच उघडायचे. वेळ लावून, १५० प्रश्न १५० मिनिटांत या हिशोबाने. पन्नासातले किती बरोबर आले ते मोजायचे आणि मग दिवा मालवायचा. शरीराला वाघ आणि परीक्षा यांतला फरक कळत नाही. दोन्ही वेळी तीच साखळी हलते, हायपोथॅलॅमस, पियुषिका, अधिवृक्क. स्टाफरूममध्ये विचारलं तर बहुतेकींचा दिनक्रम हाच निघाला. त्यातल्या निम्म्या तर चालतही नव्हत्या. म्हणजे झोप उडवण्याचा आरोप ज्या चालण्यावर होता, ते त्यांच्या दिवसात नव्हतंच, तरी झोप उडालेली होती.

चहाचंही तसंच. चहातलं कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. मगरिबनंतर सातला कडक चहा घेतला तर मध्यरात्री बाराला त्यातलं अर्धं कॅफिन शरीरात फिरत असतं. मालेगावात चहाला वेळ नसते, हे बाहेरून आलेल्या कुणालाही दोन दिवसांत कळतं. आणि अपुऱ्या झोपेचा फटका फक्त दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीपुरता नसतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही तरुणांची एका रात्रीची झोप तोडली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कॉर्टिसॉल उतरायला हवं त्या वेळेला, ते नेहमीपेक्षा वाढलेलं आढळलं. ताणामुळे झोप जाते आणि झोप गेल्यामुळे दुसऱ्या संध्याकाळी ताणाचं हार्मोन चढलेलं राहतं. हे चाक एकदा फिरायला लागलं की कुठेतरी हात घालून थांबवावं लागतं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी आमच्याकडे मोठ्याने बोलली जात नाही. चाळिशीच्या पुढे पाळीचं चक्र बदलू लागतं. रात्री अचानक अंग तापतं, घाम फुटतो, जाग येते. आमच्या चालणाऱ्या गटातल्या तिघींना हे होतं आणि प्रत्येकीला वाटायचं की आपल्या एकटीलाच होतंय. चालता चालता एकीने विषय काढला म्हणून बाकीच्या बोलल्या. एकीने तर कुणाची नजर लागली असं समजून घरी झाडफूक करून घेतली होती. आता ती डॉक्टर बाईंकडे जाते.

आता पहाटेच्या सल्ल्याबद्दल. पहाटे चालणं उत्तमच. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ नीट लागतं आणि रात्री झोपही वेळेवर येते. शरीरातल्या या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडली म्हणून २०१७ मध्ये तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. फजर पढून नदीकाठाने फिरून येणारे आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग पुरुष मी लहानपणापासून पाहते आहे. अब्बा त्यांत होते. ऐंशीव्या वर्षापर्यंत त्यांना झोपेची तक्रार नव्हती. पण त्याच वेळी अम्मी काय करत होत्या, हे मला आता आठवतं. चूल, पाणी, आमचे डबे, आणि रातपाळी करून येणाऱ्या चाचांचा नाश्ता. आजही फजर ते सात या वेळात आमच्या गल्लीतल्या एकाही बाईला स्वतःची वीस मिनिटं मिळत नाहीत. असरनंतर रस्ता बाजाराने भरलेला असतो. मगरिबनंतर मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाक. उरते ती इशानंतरची वेळ. आमच्यासाठी ती व्यायामाची दुसऱ्या क्रमांकाची वेळ नाही, ती एकच वेळ आहे. ‘चालायचं तर पहाटेच’ या सल्ल्याचा आमच्या गल्लीतला अर्थ ‘चालू नका’ असा होतो.

वेळ निवडता न येणारे आणखीही आहेत. आमच्या गावात यंत्रमागांचे कामगार बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. एक आठवडा दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रातपाळी. रातपाळीवाला सकाळी घरी येतो तेव्हा त्याचं कॉर्टिसॉल शिखराजवळ असतं, सूर्य वर आलेला असतो, आणि शेजारचा लूम खडखडत असतो. अशा वेळी तो झोपायचा प्रयत्न करतो. चार-पाच तासांत उठतो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील असे आहेत. “अब्बा घरात असले की आम्ही बोलत नाही, ते झोपलेले असतात,” असं एका मुलाने मराठीच्या निबंधात लिहिलं होतं. त्या वडिलांना रात्रभर लूमच्या मागेपुढे किती किलोमीटर चालणं होतं याचा हिशोब कुणी केलेला नाही. ते चालणं व्यायामात धरत नाहीत आणि धरूही नये, कारण त्यात विश्रांती नाही आणि मर्जीही नाही.

एका आपांनी वेगळी हरकत घेतली. इशानंतर गप्पा मारत बसणं पैगंबर (स.) यांना पसंत नव्हतं, मग हे कसं चालतं? हरकत प्रामाणिक होती आणि झोपेच्या दृष्टीने पाहिलं तर त्या शिकवणीत मोठं शहाणपण आहे. इशा झाली की दिवस मिटवायचा, फजरला उठायचं, दुपारी थोडा कैलुला करायचा. आमच्याकडे जूनमध्ये फजरची वेळ साडेचारच्या आसपास सुरू होते, जानेवारीत पावणेसहाच्या पुढे. उन्हाळ्यात रात्र इतकी आखूड होते, की दुपारच्या वीस मिनिटांच्या झोपेशिवाय हिशोब जुळत नाही. त्या शिकवणीला उलेमांनी इल्मचं बोलणं, पाहुण्याशी, घरच्यांशी बोलणं असे अपवाद सांगितले आहेत. मी आपांना एवढंच म्हटलं, की सव्वादहाला घरी येऊन अकराला झोपणाऱ्या आम्ही, आणि एक वाजेपर्यंत मोबाइल घेऊन पडलेली आमची पोरं, यांत इशानंतरचा वेळ कोण वाया घालवतं ते तुम्हीच सांगा. आपा हसल्या. आता त्या कधीकधी आमच्याबरोबर येतात, गप्पा मात्र कमी मारतात.

पोरांचा विषय निघालाच आहे तर रमजानचंही बोलते. तरावीहनंतर मैदानात दिवे लावून क्रिकेट सुरू होतं ते सहरीपर्यंत. रात्री एक-दोनला धावाधाव, आरडाओरडा, वर थंड पेयं. जोराचा व्यायाम, डोळ्यांवर झगझगीत उजेड आणि झोपेची वेळ, तिन्ही एका ठिकाणी. गेली काही वर्षं रमजान बोर्डाच्या परीक्षांच्या हंगामात येतो आहे. दहावीची पोरं पेपरच्या दिवशी बाकावर पेंगताना दिसतात आणि लोक म्हणतात रोज्यामुळे. बऱ्याचदा त्यामागे रोजा नसतो, रात्रीच्या ओव्हर्स असतात. तो संदेश पाठवायचाच तर या पोरांना पाठवायला हवा होता. तो गेला खालांना.

आम्ही काय बदललं ते सांगते. चालणं तेच ठेवलं, वेळही तीच. शेवटचा फेरा मुद्दाम सावकाश घेतो. मे महिन्यात, जेव्हा दिवसाचा पारा चाळीसच्या वर असतो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात, तेव्हा चारऐवजी दोनच फेरे आणि सुती, सैल बुरखा, कारण तापलेलं अंग झोपू देत नाही. मी माझा अभ्यास चालण्याच्या आधी आणला. स्वयंपाक लवकर उरकून साडेआठ ते साडेनऊ प्रश्नसंच, मग चालणं, मग पुस्तक उघडायचं नाही. अवघड धडे फजरनंतरच्या पंधरा मिनिटांत आणि शाळेतल्या ऑफ तासाला. मगरिबनंतरचा चहा सोडला, हे सगळ्यांत अवघड गेलं. घरातले फोन दहा वाजता फ्रीजवर जातात.

याने चमत्कार झालेला नाही. अजूनही आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्री तीनला डोळे उघडतात. पण पूर्वी रोज उघडायचे. आता उघडले तर मी घड्याळ बघत नाही, उठून पाणी पिते, कधी दोन रकात पढते आणि परत पडते. सायन्सच्या मॅडमनी आणखी एक ताकीद दिली होती ती पुढे देते. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, असं तीन महिने चाललं, तर तो जुनाट निद्रानाश समजतात. त्यासाठी मैत्रिणीकडून मागून आणलेली झोपेची गोळी घेऊ नये, डॉक्टरकडे जावं. झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याची एक पद्धतशीर उपचारपद्धती आहे आणि आधी तीच करून पाहायची असते. कुणी फार मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर ते वेगळं दुखणं आहे, त्यालाही डॉक्टर हवा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आमचे पाच दिवसांचे चाळीस-चाळीस मिनिटांचे फेरे २०० होतात. आता आम्ही सातजणी आहोत. खाला परत आल्या आहेत. ज्या नवऱ्याने सायन्सचा दाखला दिला होता, त्याची बायको अजून आलेली नाही. तिच्यासाठी हा लेख मी सोप्या उर्दूतही लिहिते आहे.

एक अडचण मात्र अभ्यासाने सुटणारी नाही. शाळेच्या कुंपणाजवळचा दिवा चार महिन्यांपासून बंद आहे आणि तिथे रात्री मोटारसायकली भरधाव येतात. कुंपणाच्या आत मोठं, सपाट, रिकामं मैदान आहे. रात्री नऊला त्याला कुलूप असतं. आम्ही सातजणींनी सह्या करून संस्थेला अर्ज दिला आहे. रात्री साडेनऊ ते साडेदहा, फक्त बायकांसाठी, एक फाटक उघडं आणि एक दिवा लावलेला. किल्लीची जबाबदारी मी घ्यायला तयार आहे, असंही त्यात लिहिलं आहे. पुढच्या बैठकीत विचार करू, असं उत्तर आलं आहे. बैठक जुम्म्यानंतर आहे.